सी ड्राइव्हची हद्द सरकवताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित देखभाल थांबवली. त्या तारखेला कुणाचा कम्प्युटर बंद पडला नाही. उल्हासनगरच्या पेढ्यांवर बिलं निघत राहिली, अंबरनाथच्या एमआयडीसीत ड्रॉइंग उघडत राहिली, बदलापूरच्या फ्लॅटांमधून ऑफिसची कामं होत राहिली. थांबल्या त्या सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वाढीव मुदत मिळाली, एवढंच. त्यापुढे विंडोज ११ घ्यायचं, तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, यूईएफआय ही कम्प्युटर सुरू करण्याची नवी पद्धत हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. २०१६ साली हौसेनं घेतलेला आणि आजही व्यवस्थित चालणारा आय-फाइव्ह लॅपटॉप या अटींत बसत नाही.

असा लॅपटॉप भंगारात घालायचा नसेल, तर त्यावर लिनक्स टाकता येतं. फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर बरं चालतं, सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत राहतात. मग विंडोज पुसून सरळ लिनक्सच का टाकत नाहीत? उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात त्याचं उत्तर पोटापाण्यात आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी छावणीतून जे गाव उभं केलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ज्याची पायाभरणी केली, ते उल्हासनगर आज कॅम्प एकपासून कॅम्प पाचपर्यंत व्यापारानं गजबजलेलं आहे, आणि व्यापाऱ्याचा हिशेब बहुधा टॅलीत असतो. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. छपाईवाल्याची वर्षानुवर्षांची लग्नपत्रिकांची कामं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत आणि कोरलड्रॉमध्ये अडकलेली असतात. छोट्या वर्कशॉपचं ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये. ही सगळी मंडळी विंडोज सोडू शकत नाहीत. म्हणून एकाच कम्प्युटरवर दोन्ही: हिशेबासाठी विंडोज, आणि बँक, मेल, इंटरनेट यांसाठी लिनक्स. कम्प्युटर सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं. याला ड्युअल बूट म्हणतात.

ड्युअल बूटची भीती वाटते ती लिनक्सची. ती चुकीच्या जागी आहे. लिनक्स टाकण्याचं काम आता अर्ध्या तासाचं झालंय आणि त्यातलं बहुतेक इन्स्टॉलर स्वतःच करतो. डेटा उडतो तो त्याच्या आधीच्या पायरीवर, डिस्कवर आधीच असलेल्या पार्टिशनची हद्द सरकवताना.

पार्टिशन हा शब्द आपल्याकडे फार जुन्या ओळखीचा. नवा कम्प्युटर घेतला की दुकानदार विचारणारच, ‘पार्टिशन किती पाडू?’ मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, डीमध्ये कामाच्या फायली, ईमध्ये गाणी आणि सिनेमे. विंडोज बिघडलं की फक्त सीला ‘फॉरमॅट मारायचा’, बाकीचं सुरक्षित. ही पद्धत भारतात इतकी रुजली की कितीतरी लोकांना पार्टिशन म्हणजे कपाटाचे कप्पे एवढंच वाटतं. मूळ हेतू वेगळा होता. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी बाजारात आला, तेव्हा त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज मोबाइलमधले जेमतेम दोन-तीन फोटो तिच्यात मावतील. एक्सटीसोबत आलेल्या डॉस २.० मध्ये डिस्कचे चार भाग पाडायची सोय दिली ती याचसाठी, की एकाच डिस्कवर चार निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात. म्हणजे दुसरी सिस्टिम टाकणं हा आडवळणाचा उद्योग नाहीच; पार्टिशन जन्मालाच त्यासाठी आलं. गाणी-सिनेमे मागून आले.

डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स असतात. जुन्या एमबीआर पद्धतीत त्यांतले ४४६ बाइट्स कम्प्युटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, ६४ बाइट्स पार्टिशनच्या तक्त्याचे आणि शेवटचे २ बाइट्स खूण म्हणून. तक्त्यात १६ बाइट्सच्या चार ओळी. प्रत्येक ओळ सांगते की अमुक पार्टिशन कितव्या सेक्टरपासून सुरू होतं, किती लांब आहे आणि कोणत्या प्रकारचं आहे. बस. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबारा. सातबारा ही जमीन नव्हे, जमिनीची नोंद आहे. नोंद खोडली म्हणून पीक जळत नाही. पण नोंद चुकली की दुसऱ्याच्या उभ्या पिकात नांगर जातो.

हे ध्यानात आलं की पुष्कळ कोडी सुटतात. चुकून पार्टिशन ‘डिलीट’ झालं तर ५०० जीबीचा मजकूर एका क्षणात कसा नाहीसा होतो? होत नाही. ६४ बाइट्सच्या तक्त्यातली एक ओळ जाते. टेस्टडिस्क नावाचा मोफत प्रोग्राम डिस्क चाळून जुन्या पार्टिशनच्या खुणा शोधतो आणि ती ओळ परत लिहितो. अट एकच, मधल्या काळात त्या जागेवर नवं काही लिहिलेलं नसावं. म्हणून घाबरून पुन्हा इन्स्टॉल करत सुटणं सगळ्यात वाईट. एसएसडीवर मात्र एवढ्या भरवशावर राहू नये. तिथे फॉरमॅट करताना ‘ही जागा आता मोकळी’ असा आदेश डिस्कला जातो, ट्रिम म्हणतात त्याला, आणि मग जुना मजकूर परत मिळण्याची आशा जवळपास संपते.

चार ओळींच्या तक्त्यानं पुढे बराच छळ मांडला. पाचवं पार्टिशन हवं तर चारांपैकी एकाला ‘एक्स्टेंडेड’ करून त्याच्या पोटात ‘लॉजिकल’ पार्टिशन घालायची युक्ती निघाली. सेक्टरचा क्रमांक ३२ बिट्सचा असल्यानं २ टेराबाइटच्या आसपास मर्यादा येऊन ठेपली. विंडोज ७ च्या काळातल्या कित्येक एचपी लॅपटॉपवर कारखान्यातूनच चारही ओळी भरून यायच्या: सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि एचपी टूल्स. अशा लॅपटॉपवर सी कमी करून जागा मोकळी केली तरी तिची नोंद करायला तक्त्यात ओळच नाही. वर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाचवं पार्टिशन पाडायला गेलं, की ते डिस्क ‘डायनॅमिक’ करायची परवानगी मागतं. तिथे घाईघाईनं ‘येस’ दाबलं की लिनक्सचा इन्स्टॉलर डिस्क पाहून हात वर करतो. जुन्या यंत्राशी गाठ असेल तर हा प्रश्न आला की ‘नो’ म्हणावं आणि आधी चारांपैकी कोणतं पार्टिशन खरोखर नको आहे ते ठरवावं.

नव्या यंत्रांवर जीपीटी नावाची पद्धत असते. तिच्या तक्त्यात विंडोजवर १२८ पार्टिशनांची सोय आहे, नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि तक्ता बिघडला का हे ओळखायला तपासणीचा आकडाही असतो. आपली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे पाहायला डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘डिस्क ०’वर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधला व्हॉल्यूम्सचा भाग उघडावा. लिनक्स टाकतानाही तीच पद्धत पाळायची. विंडोज यूईएफआयवर आणि लिनक्स जुन्या बायॉसच्या पद्धतीनं टाकलं, तर दोघंही जागेवर असतात आणि निवडीच्या यादीत मात्र एकच दिसतं.

आता मुख्य काम. सी ड्राइव्ह लहान करणं.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर उजवं क्लिक केलं की ‘श्रिंक व्हॉल्यूम’ दिसतं. ते दाबलं की विंडोज सांगतं, किती जागा सोडता येईल. इथे बऱ्याच जणांचा विरस होतो. सीमध्ये २०० जीबी मोकळे दिसत असतात आणि विंडोज १० जीबी सोडायला तयार होतं. कारण मोकळी जागा सलग नसते. फायली सगळीकडे विखुरलेल्या असतात. त्यांतल्या बहुतेक विंडोज डावीकडे सरकवतं, पण काही हलत नाहीत. रॅम अपुरी पडली की वापरायची पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती आणि विंडोज ज्या एनटीएफएस पद्धतीनं फायली मांडतं तिची अनुक्रमणिका, म्हणजे एमएफटी. यांपैकी एखादा तुकडा पार उजव्या टोकाला बसलेला असेल तर हद्द तिथेच अडते. उपाय सरळ आहे: हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टिम रिस्टोअर तात्पुरतं बंद करायचं, कम्प्युटर पुन्हा सुरू करायचा, श्रिंक करायचं आणि मग तिन्ही परत चालू करायचं. एवढं केल्यावर बहुतेक वेळा आकडा चांगलाच वाढतो.

लिनक्सच्या पेनड्राइव्हमधल्या जीपार्टेड या प्रोग्रामनंही सी लहान करता येतो, आणि तो चांगला प्रोग्राम आहे. तरी विंडोजचा सी विंडोजनंच लहान करावा. आपल्या कोणत्या फायली कुठे आहेत आणि कोणत्या हलवायच्या नाहीत, हे त्याला बाहेरच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि एक गोष्ट तर करूच नये: पार्टिशनची डावी हद्द सरकवणं. उजवी हद्द आत घेताना टोकाकडच्या थोड्या फायली हलवाव्या लागतात. डावी हद्द हलवली तर पार्टिशनमधला एकूण एक ब्लॉक उचलून दुसरीकडे लिहावा लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ३०० जीबीचं हे स्थलांतर तासन्‌तास चालतं. त्या अवधीत वीज गेली, की निम्मा मजकूर नव्या जागी आणि निम्मा जुन्या, आणि तक्त्याला दोन्हींपैकी कशाचाच पत्ता नाही.

वीज जाणं म्हणजे काय, हे बदलापूर-अंबरनाथकरांना समजावायला नको. पावसाळ्यात तर नकोच. म्हणून हे काम लॅपटॉपवर करताना बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा. बॅटरी मेलेली असेल आणि लॅपटॉप फक्त चार्जरवर चालत असेल, तर तो डेस्कटॉपच समजावा आणि यूपीएसशिवाय हात लावू नये. दुकानात काम करून घेतानाही ‘यूपीएस आहे का’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटू नये.

बॅकअपचा मुद्दा सगळे सांगतात आणि जवळपास कुणी ऐकत नाही. इथे तो वेगळ्या कारणानं सांगायला हवा. २६ जुलै २००५ चा पूर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांतल्या जुन्या रहिवाशांना आठवतो. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी अशी फुगली, की बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. तळमजल्यावरच्या टेबलावर लॅपटॉप आणि त्याच टेबलाच्या खालच्या खणात बॅकअपची डिस्क, अशी व्यवस्था असेल तर त्याला बॅकअप म्हणता येत नाही. दुसरी प्रत दुसऱ्या घरात किंवा निदान वरच्या मजल्यावर हवी. आणि प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून पाहावी. टॅलीचा डेटा असेल तर टॅलीतच उघडून पाहावा. नुसता फोल्डर दिसला म्हणजे आतला हिशेब शाबूत आहे असं होत नाही.

हद्द सरकवण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासायच्या असतात, आणि दोन्ही विंडोजनं गुपचूप चालू ठेवलेल्या असू शकतात.

पहिली, फास्ट स्टार्टअप. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही; आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. त्यामुळे सी ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो. लिनक्सला हे कळतं, आणि तो ड्राइव्ह फक्त वाचू देतो, लिहू देत नाही. जबरदस्तीनं लिहिलं तर पुढच्या वेळी विंडोज जुन्या आठवणींवर उठतं आणि फायली बिघडतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन हे बंद करावं. कम्प्युटर सुरू व्हायला चार-पाच सेकंद जास्त लागतील, ते परवडतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून नव्यानं मांडलेल्या कम्प्युटरवर ते बहुधा आपोआप चालू होतं. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद होतो आणि किल्ली टीपीएमकडे राहते. सुरुवातीच्या क्रमात बदल दिसला की टीपीएम किल्ली देत नाही आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. पण ते खातं दुकानदारानं स्वतःच्या मेलवर उघडलेलं असेल, तर? जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांच्या बाबतीत हे घडू शकतं. म्हणून आधी ती की शोधून कागदावर लिहून ठेवायची आणि काम संपेपर्यंत बिटलॉकर थांबवून ठेवायचं. की सापडत नसेल तर कामाला सुरुवातच करू नये.

लिनक्स मिळवणं आता अगदी सोपं. १९९० च्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या लिनक्सच्या सीडीची लोक वाट पाहायचे. पुढे उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीची मंडळी मागेल त्याला पोस्टानं फुकट सीडी पाठवत. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. आता उबुंटू २४.०४ ची सुमारे ६ जीबीची फाइल उतरवायची, रूफस किंवा व्हेंटॉय वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची आणि कम्प्युटर सुरू होताना डेल किंवा लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ म्हणून तासभर वापरून पाहावं. वायफाय चालतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे आधीच कळतं आणि डिस्कला हातही लागत नाही. हे प्रत्येकानं करावं, अगदी पुढे इन्स्टॉल करायचं नसलं तरी. भाषांच्या यादीत मराठीही आहे. ती निवडून पाहता येते. सी-डॅकनं तयार केलेली बॉस ही भारतीय लिनक्सही आहे, डेबियनवर बेतलेली आणि मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली.

इन्स्टॉलरमध्ये निर्णायक पडदा एकच. ‘विंडोजच्या शेजारी टाका’, ‘डिस्क पुसून टाका’ आणि ‘स्वतः पार्टिशन पाडा’, अशा अर्थाचे तीन पर्याय. मधला पर्याय निवडणं म्हणजे टॅलीसकट सगळ्याला रामराम. पहिला बहुतेकांना पुरतो. सी आधीच लहान केलेला असेल तर तिसराही अवघड नाही: मोकळ्या जागेवर लिनक्सच्या एक्सटी४ पद्धतीचं एक पार्टिशन, आणि आधीपासून असलेलं छोटं ईएफआय पार्टिशन फॉरमॅट न करता तसंच वापरायचं. हे ईएफआय पार्टिशन विंडोज अनेकदा जेमतेम १०० एमबीचं करतं, पण दोन्ही सिस्टिमना सुरू करणाऱ्या फायली तिथेच असतात. ‘हे काय एवढंसं फालतू’ म्हणून ते उडवणाऱ्याचं विंडोजही सुरू होत नाही.

आकड्यांनी इथे घोटाळा होतो. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबी दिसते आणि उबुंटूच्या इन्स्टॉलरमध्ये २५६. डिस्क तीच, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, उबुंटू १००० च्या. १ टेराबाइटची डिस्क तशीच विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही असतील तर विंडोजच्या ‘डिस्क ०’ला लिनक्समध्ये भलतंच नाव असतं. म्हणून नावावर न जाता आकार आणि कंपनीचं मॉडेल यांवरून ओळख पटवावी आणि त्याआधी विंडोजमधल्या पार्टिशनच्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. लिनक्सला जागा किती? उबुंटू २५ जीबी सांगतं. खरं तर ५०-६० दिले तर पुढे कुरकुर होत नाही.

काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर ठेवलेली असते. बायॉसमध्ये जाऊन ती एएचसीआयवर न्यायची, पण थेट नेली तर विंडोज निळा पडदा दाखवतं. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायॉसमधला बदल करायचा.

सगळं नीट झालं की पुढच्या वेळी कम्प्युटर ग्रब या सुरुवातीच्या प्रोग्रामची यादी दाखवतो. उबुंटू, त्याखाली विंडोज. उबुंटूवर ही यादी साधारण १० सेकंद थांबते, मग पहिला पर्याय आपोआप सुरू होतो. टॅलीवरचा कारकून वैतागू नये म्हणून विंडोज पहिलं ठेवता येतं.

दुसऱ्या दिवशी एक गंमत हमखास होते. सकाळी सव्वाआठला विंडोज उघडलं, तर घड्याळ पावणेतीन दाखवतं. साडेपाच तास मागे! कम्प्युटरच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून फरकही नेमका तेवढाच. इंटरनेट जोडलं की विंडोज काही वेळानं सुधारतं, पण इंटरनेटशिवाय बिल काढणाऱ्या दुकानात बिलावर चुकीची वेळ पडू शकते. लिनक्सला एका आदेशात स्थानिक वेळ पाळायला लावता येतं. हिशेबाच्या कम्प्युटरवर हे पहिल्याच दिवशी करावं.

दोघांचं कायम जमेलच असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं सिक्युअर बूटच्या, म्हणजे सुरुवातीला फक्त विश्वासातले प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीच्या, यादीत बदल केला आणि जगभरातल्या अनेक ड्युअल बूट कम्प्युटरांवर लिनक्स सुरूच होईना. काहीतरी फार बिघडलंय, असा संदेश देऊन यंत्र बंद पडायचं. मायक्रोसॉफ्टचा कायमचा उपाय मे २०२५ मध्ये आला. मधल्या काळात सिक्युअर बूट बंद करून लोकांनी वाट काढली. एक बरं, की अशा वेळी फायलींना धक्का लागत नाही. आणखी एक सवय लावून घ्यावी: लिनक्सचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, म्हणून कधीकधी ते ‘हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असं सुचवतं. सुचवू दे. ‘कॅन्सल’ दाबावं. लिनक्सला मात्र विंडोजचं एनटीएफएस वाचता-लिहिता येतं, त्यामुळे दोघांनी वापरायच्या फायली एनटीएफएसच्या डी ड्राइव्हवर ठेवणं सोयीचं.

हा सगळा खटाटोप प्रत्येकानं करावा का? नाही. उल्हासनगर स्टेशनजवळच्या सीएचएम कॉलेजात किंवा परिसरातल्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजात बीएस्सी आयटी, कम्प्युटर सायन्स करणाऱ्या मुलांना लिनक्स शिकावंच लागतं. त्यांच्याकडे नवा लॅपटॉप आणि ८ जीबी रॅम असेल, तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअलबॉक्स पुरेसं आहे. त्यासाठी पार्टिशनला हात लावायची गरज नाही. ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रावर मात्र एकात एक दोन सिस्टिम चालवणं म्हणजे दोघींनाही रडवणं. तिथे ड्युअल बूटच बरा, आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उबुंटूपेक्षा हलकी. डेस्कटॉप असेल तर आणखी सोपं: दुसरी छोटी एसएसडी लावायची आणि लिनक्स तिच्यावर. हद्द सरकवायचा प्रश्नच मिटतो. जुन्या लॅपटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडीत डिस्क बसवून देणारे कारागीर असतात. जिथे व्यवसायाचा हिशेब आहे तिथे थोडा खर्च करून हाच मार्ग धरावा, एका डिस्कचे तुकडे पाडण्याच्या नादी लागू नये.

शिकायचं मराठीतून असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सवरचे मराठी धडे मोफत आहेत. प्रत्येक धडा काही मिनिटांचा, शेजारी करून पाहत शिकण्याजोगा.

शेवटी लिनक्स नकोसं झालं तर. तेव्हा लोक थेट डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन डिलीट करतात, आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ग्रबचा एकुलता शब्द उमटतो. विंडोज जागेवर असूनही सुरू होत नाही. क्रम उलटा हवा. आधी बायॉसमध्ये जाऊन सुरुवातीच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजरला वर आणायचं, ग्रबशिवाय विंडोज सुरू होतंय याची खात्री करायची आणि मगच लिनक्सचं पार्टिशन काढायचं. जुन्या एमबीआर यंत्रावर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून आधी बूटची दुरुस्ती करून घ्यावी लागते. मोकळी झालेली जागा सीला जोडायची, तर ती सीच्या लगेच उजवीकडे असायला हवी. मध्ये विंडोजचं रिकव्हरी पार्टिशन आलं असेल तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकं दिसतं आणि दाबता येत नाही. अशा वेळी त्या जागेत नवा ड्राइव्ह करून घ्यावा आणि सीला आहे तिथे राहू द्यावं.